सत्यशीलाचा डावा हात

मुंबईहून कुणी परत आलं की गाव आधी त्याच्या पिशवीकडं बघतं. सत्यशीला आली तेव्हा सगळ्यांनी तिच्या छातीकडं बघितलं आणि मग घाईघाईनं जमिनीकडं. एस.टी.च्या थांब्यापासून बौद्धवस्तीपर्यंत यायला तिला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, कारण वाटेत भेटेल ती बाई तिला थांबवून एकच गोष्ट सांगत होती. 'जिवावरचं शेपटावर गेलं, बाई!' शेपूट म्हणजे काय गेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. डावा स्तन गेला होता, काखेतल्या गाठी गेल्या होत्या, आणि वरून विजेचा शेक देऊन देऊन कातडी काळी पडली होती. लोक फार मायेनं बोलायला लागले की त्यांच्यापासून जरा जपूनच राहावं.

तिचा नवरा पंडित पूर्णेला रेल्वेत फिटर होता, सायकलनं जाऊन-येऊन करायचा. रेल्वेची नोकरी होती म्हणून मुंबईचा पास मिळाला, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. नाहीतर सत्यशीला गाठ घेऊन इथल्या इथंच गेली असती. पंडितची दुसरीही एक नोकरी होती, बिनपगारी. नामांतराची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चा असो, सभा असो, वस्तीत सगळं पंडितच्या ओट्यावरून सुरू व्हायचं. अठ्ठ्याहत्तर साली त्याच कारणावरून गावानं वस्तीतल्या कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या आणि पाणी तोडलं होतं. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली होती. नाव मिळालं नव्हतं, आणि गंजी कुणी पेटवल्या ते पोलिसांना अजून सापडलं नव्हतं. वस्तीत ते शेंबड्या पोराला माहीत होतं.

सत्यशीलानं मुंबईहून दोन गोष्टी आणल्या. झोपेच्या गोळ्या, आणि एक कवायत.

कवायत तिला शिकवली एका चिनी बाईनं. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत ती कलकत्त्याहून येऊन राहिली होती. तिचंही हेच दुखणं, फक्त बाजू उजवी. आमच्या घरचे चामडं कमावतात, शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून जातात, असं तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं तेव्हा सत्यशीलाला ती एकदम आपल्या पाव्हण्यारावळ्यातली वाटली. सकाळी गच्चीवर ती बाई गुडघे जरा वाकवून उभी राहायची आणि दोन्ही हात फिरवायला लागायची. फिरवायची म्हणजे काय, हात फिरतोय का नाही असं बघणाऱ्याला वाटावं. समोरचा ढग एका हातानं इकडं सारायचा, दुसऱ्या हातानं तिकडं. श्वास हाताच्या मागोमाग न्यायचा. घाई केली की ती फटकन मनगटावर मारायची.

ऑपरेशननंतर सत्यशीलाचा डावा हात दुधीभोपळ्यासारखा सुजला होता. बांगडी चढेना, चोळीची बाही चढेना. त्या कुशीवर झोपलं तर ठणका आणि ह्या कुशीवर झोपलं तर श्वास कोंडायचा. गच्चीवर महिनाभर ढग सारले आणि सूज उतरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी हात दाबून बघितला. म्हणाल्या, 'हे चालू ठेवा, रोज. जड उचलायचं नाही, दळायचं नाही, धुणं आपटायचं नाही. सूज कायमची जाणार नाही, पण ताब्यात राहील. सोडलंत तर मात्र हात हातात राहणार नाही.' ज्या दिवशी सत्यशीलाला डावा हात डोक्यामागं नेऊन आपली वेणी आपण घालता आली, त्या दिवशी ती चिनी बाईच्या गळ्यात पडून रडली. आता जगाकडून तिला फार काही नको होतं. हा हात हवा होता आणि झोप हवी होती.

घरी आल्यावर ती रोज उजाडताना घरामागच्या मोकळ्या जागेत उभी राहायला लागली. कवायतीचं नाव ताई ची. 'कोणत्या ताईची?' असं सासूनं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चुलीकडं वळली. पण बघत ती रोज होती.

सासू म्हणजे तानुबाई. ती तरुणपणी मरीआईचं झाड होती. झाड म्हणजे जिच्या अंगात देवी येते ती बाई. मंगळवारी, शुक्रवारी तिच्या अंगात वारं आलं की गावातली मोठमोठी माणसं लांब उभी राहून तिला प्रश्न विचारायची आणि उरलेले पाच दिवस तिच्या सावलीला विटाळ मानायची. धम्म घेतला तेव्हा तिनं देवीची परडी आणि कवड्यांची माळ आपल्या हातानं नदीत सोडली. मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर तिच्या अंगात कधी काही आलं नाही. ताप आला तरी ती कुणाला सांगायची नाही.

'आत्याबाई, व्यायाम हाय ह्यो,' सत्यशीला म्हणाली.

'मला शिकवायलीस व्हय? अशीच चढती ती. आधी हात जातेत, मग मान, मग तोंड.'

'चिनी बाईनं शिकवलंय.'

'मग चिनी मरीआई आसंल.'

पंडित हसला. 'आई, चीनमंदी समदे बुद्धाला मानतेत. बुद्धाच्या मुलखातली कवायत हाय ही.' बुद्धाचं नाव काढल्यावर तानुबाईचं तोंड बंद व्हायचं, डोळे नाही.

घरामागच्या मोकळ्या जागेला लागून दत्तरावांच्या शेताचा बांध होता. दत्तराव म्हणजे गावातली मोठी जमीन, आणि अठ्ठ्याहत्तरची काडीपेटी. त्यांची बायको मनकर्णा सकाळी शेतात जाताना बांधावर थबकायला लागली. एक दिवस थबकली, दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन थबकली. पुढं शुक्रवार आला तेव्हा ती बांध ओलांडून खाली आली. जन्मात कधी वस्तीत न आलेली बाई हातात ताट घेऊन पंडितच्या घरामागं उभी होती. ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि चोळीचा खण.

'आई, ओटी भरायला आले,' मनकर्णा म्हणाली.

खण बघून सत्यशीलाला हसू आलं. या खणातलं निम्मं कापड आपल्याला पुरणार, असं तिच्या मनात आलं होतं. मनकर्णाला वाटलं देवी प्रसन्न झाली.

'पाटलीणबाई, मी आई-बिई कुणी न्हाई. ही दवाखान्यातली कवायत हाय. ते ताट घेऊन घरी जावा.'

'देवी पयल्यांदा आसंच म्हणत आसती,' मनकर्णा समजूतदारपणे म्हणाली. मग तिनं इकडंतिकडं बघितलं, सत्यशीलाचा हात धरला आणि आपल्या चोळीच्या आत नेला. 'हितं बघ.'

ज्या घरात वस्तीतल्या माणसाला पाणी अजून वरून ओंजळीत घालत, त्या घरची ही बाई. पण सत्यशीलाला त्याचं नवल करायलाही सवड मिळाली नाही. बोटांखाली गाठ होती. दगडासारखी टणक, जागची न हलणारी, आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी. स्वतःच्या अंगावर तिनं ती रोज चाचपली होती. आंधळ्यालाही ओळखता आली असती.

'कवापासून हाय?'

'दिवाळीपासून.'

'बाई, फौरन मुंबईला जावा. मी नाव-पत्ता देते. ही ठेवायची गाठ न्हाई.'

मनकर्णानं चोळी सारखी केली. 'मालक पाठवायचे न्हाईत. बाईच्या छातीला परक्या गड्याचा हात लागायचा, ते बी मुंबईत? त्यापरीस मेलेली बरी म्हणतेल. त्यायला डॉक्टराचं पटत न्हाई, माजं तर न्हाईच न्हाई. देवीचं तेवढं ऐकतेत.' तिचे डोळे भरले. 'मी मंगळवारी घेऊन येते त्यायला. तूच सांग, माय. मला जगायचंय.'

ताट तिथंच ठेवून ती गेली.

सत्यशीलानं नारळ उचलून नाल्यात टाकला, तांदूळ कोंबड्यांना घातले, आणि चार दिवस जळत राहिली. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, समजावून सांग. कुणाला? दत्तरावाला? वस्तीतल्या बाईनं समजावलं म्हणून दत्तराव समजला असता तर गंजी कशाला जळल्या असत्या? एक बाई मरणार होती, आणि ती दत्तरावाची बायको होती. ह्या दोन्ही गोष्टी तिला एकदमच आठवायच्या आणि तिचं तिलाच कळायचं नाही की आपल्याला नक्की काय वाटतंय. देवी तर ती मानतच नव्हती. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या. पण हातात असलेल्या काडीनं दिवा लागत असेल तर काडी कुणाच्या पेटीतली ते बघत बसायचं का?

मंगळवारी पंडित कामावर गेलेला. दत्तराव आले, पागोटं हातात घेऊन, बायकोच्या मागं. सत्यशीलानं केस सोडले. गुडघे वाकवले आणि ढग सारायला सुरुवात केली. इकडं एक, तिकडं एक. दत्तरावांच्या कपाळावर घाम यायला लागला. गावच्या देव्या धडधडत यायच्या, किंकाळ्या फोडायच्या, घुमायच्या. ही इतकी हळू येत होती की पुढं काय होईल याची भीती वाटावी.

'दत्त्या,' सत्यशीला म्हणाली.

ज्याला तिचा सासरा जन्मभर लांबून 'जोहार मालक' म्हणत आला होता, तो माणूस गुडघ्यावर बसला. 'आई.'

'हिच्या छातीत गाठ हाय. मुंबईला नेऊन कापून काढ. पंधरवड्यात नेलं न्हाईस तर तुज्या घरात चूल पेटू देणार न्हाई.'

'नेतो, आई.'

इथं थांबायला हवं होतं. शहाणी बाई इथं थांबली असती. पण सत्यशीलाला ते 'नेतो, आई' इतकं गोड लागलं की तिच्यानं राहवेना. एवढ्या वर्षांचं तोंडाशी आलं.

'अठ्ठ्याहत्तरला कडब्याला काडी कोणी लावली?'

दत्तरावांनी मान खाली घातली. 'मीच, आई. चूक झाली.'

नवरा-बायको गेल्यावर सत्यशीला आत आली. तानुबाई दाराआड भिंतीला टेकून बसली होती, तोंडात पदर कोंबून. तिनं सगळं ऐकलं होतं.

'मी नदीत सोडली व्हती तिला,' तानुबाई म्हणाली. 'माज्या हातानं. तू परत घरात आणलीस.'

दत्तराव बायकोला घेऊन पंधरवड्याच्या आतच मुंबईला गेले, आणि इकडं ही गोष्ट वस्तीभर होऊन विहारात बैठक बसली. एखाद्याला वाटेल, काडी लावणारा कबूल झाला म्हणून वस्ती खूश झाली असेल. छे. देवीसमोरची कबुली कोर्टात चालत नाही आणि विहारात तर मुळीच चालत नाही. भगवानराव वस्तीतले थोर, धम्म घेतला तेव्हापासूनचे कार्यकर्ते. ते उभे राहिले आणि म्हणाले, 'आपण घरातले देव फेकले, हलगी फेकली, मेलेलं ढोर वढायचं सोडलं. गाव म्हणायचं, ह्यायचं काय खरं न्हाई, मरीआई परत बोलावती का न्हाई बघा. आज गावाचं खरं झालं. ज्याच्या घरात देवी खेळायली त्यानं आमाला नामांतर शिकवू नये.'

पंडितनं मान वर केली नाही. घरी येऊन त्यानं बायकोला एकच विचारलं, 'खरंच बोललीस तू?'

'बोलले. बाई मरायली व्हती.'

'मग मरू द्यायची व्हती!'

बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. वाईट माणूस नव्हता पंडित. बायको आजारी पडल्यावर गावातल्या दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं दवाखान्याच्या जिन्यात रात्री काढल्या असत्या? पण चळवळीतल्या माणसाचं एक असतं, घरच्या माणसाला तो शेवटी धरतो आणि आधी सोडतो.

दुसऱ्या रविवारी सत्यशीलानं विहारात सगळ्यांपुढं माफी मागितली. हात जोडताना डावा हात जरा खाली राहिला, तर एक बाई म्हणाली, 'बघा, आजूक मगरुरी हाय.' घरामागं उभं राहायला बंदी झाली. घरात दार लावून करते म्हणाली, तर तानुबाईनं दाराशी अंथरूण टाकलं. 'हात सुजतो ओ,' सत्यशीला नवऱ्याला म्हणाली. 'हलवला न्हाई तर सुजतो.'

'हलवायचाच हाय ना? मग जातं हाय की घरात. दळ. समद्या बायका दळून हात हलवत आल्यात, कोणाच्या अंगात आलं न्हाई.'

त्याला खरंच वाटलं की हा तोडगा आहे. व्यायामाचा व्यायाम आणि लोकांच्या डोळ्यांत काही खुपायचं नाही. गावात गिरणी असताना कोपऱ्यातलं जातं पुढं आलं. दाराशी तानुबाई आणि समोर जोंधळ्याचं सूप. डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलेलं सगळं सत्यशीलानं त्या उन्हाळ्यात केलं. हात आधी मनगटापासून कोपरापर्यंत भरला, मग कोपराच्या वर. वेणी सासू घालायला लागली, डोकं ओढून ओढून. गोळीशिवाय झोप येईना, आणि पुढं पुढं गोळीनंही येईना.

मनकर्णा पावसाळ्याच्या तोंडावर परत आली. जिवंत. तिचाही डावा स्तन गेला होता आणि तिलाही गावानं शेपटावर गेल्याचं सांगितलं, पण तिच्या बाबतीत जरा अदबीनं. आजारी पडलेली मोठ्या घरची बाई ही वेगळी गोष्ट असते. मुंबईत तिलाही हात हलवायला सांगितलं होतं. तिला काय हलवायचं ते माहीत होतंच. दत्तरावांच्या वाड्यापुढच्या अंगणात तिनं एका शुक्रवारी केस सोडले, गुडघे वाकवले आणि ढग सारायला सुरुवात केली.

गावाला यात काहीच नवल वाटलं नाही. देवी वस्तीत आली होती, तिथं तिची विटंबना झाली, ती योग्य घरी निघून गेली. इतकं सरळ होतं ते. पुढच्या शुक्रवारी हलगीवाला आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जिंतूर, मानवतकडून बायका यायला लागल्या. हलगी वाजायला लागल्यावर हळू कोण करतं? लोकांनाही धीर नव्हता. मनकर्णा हात गरागरा फिरवायची, मान टाकायची, घुमायची, आणि दत्तराव बाजूला उभे राहून गर्दीला लिंबू वाटायचे.

वस्तीत सत्यशीला ती हलगी ऐकत बसायची. तिनं आयुष्यात एक शहाणपण केलं होतं आणि ते दुसऱ्याच्या अंगणात नाचत होतं. तिला राग यायचा, आणि मग रागाची लाज वाटायची, कारण बाई वाचली होती, आणि वाचावी म्हणूनच तर सगळं केलं होतं.

श्रावणात पंडित औरंगाबादच्या मोर्चाला गेला आणि तिकडं पकडला गेला. आठवडाभर सुटला नाही. तानुबाईला तेव्हाच ताप भरला. ताप तिनं सांगितला नाही, पण दाराशी राखण करायची ताकद राहिली नाही. सत्यशीला उजाडताना घरामागं गेली. हात खांद्यापर्यंतही जाईना. ती रडत रडत जेवढा जाईल तेवढा नेत राहिली. एक ढग, दुसरा ढग. दोन-तीन सकाळी असं केल्यावर बोटं जरा वळायला लागली. त्या दुपारी तिला जमिनीवर पडल्या पडल्या डुलकी लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपोआप आलेली झोप होती ती.

बांधावरून कुणी बघितलं ते कळलं नाही. शुक्रवारी हलगी वाजत असताना मनकर्णा एकदम थांबली आणि बोटानं वस्तीकडं दाखवत ओरडली, 'माजी चाल चोरायली! तिथून मी उठले, आता तिथं माजं काही न्हाई. तिथं कोणी हात हलवला तर त्याच्या घराची राखरांगोळी करीन!'

ती हे मुद्दाम बोलली का अंगातलं वारं बोललं, हे विचारण्यात अर्थ नाही. दत्तरावांना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. पागोटं हातात घेऊन, गुडघ्यावर बसून वस्तीतल्या बाईपुढं जे कबूल केलं होतं ते त्यांना दिवसरात्र खात होतं. संध्याकाळी ते दहा-बारा माणसं घेऊन वस्तीच्या तोंडाशी आले.

'भगवानराव, तुमच्यातली ती बाई पुन्यांदा करायली म्हनं. देवीचा हुकूम ऐकला आसंल तुमी. राखरांगोळी म्हणाली ती. आमी काही करणार न्हाई, पण देवीचं काम देवी करती. अठ्ठ्याहत्तर ध्यानात आसंलच.'

भगवानरावांनी देवी फेकून दिली होती, पण काडीपेटी कशी असते ते त्यांना ठाऊक होतं. 'न्हाई करणार ती,' ते म्हणाले. 'आमची जबाबदारी.'

इतक्या वर्षांत पाण्यावर, रस्त्यावर, विद्यापीठावर, कशावरच गावाचं आणि वस्तीचं एकमत झालं नव्हतं. ते अखेर झालं. सत्यशीलानं हात हलवायचा नाही.

पंडित सुटून आला. हार घातलेला पंडित घरात आला आणि बायकोच्या पायाशी बसला. 'माजी हात जोडून विनंती हाय,' तो म्हणाला. 'हितं पन्नास घरं हायत. लेकरं हायत. तुज्या एका हातासाठी...' सत्यशीलानं त्याच्या गळ्यातला हार उजव्या हातानं काढला आणि बाजूला ठेवला. पन्नास घरं खरी होती.

दिवाळीपर्यंत हात मांडीएवढा झाला. कातडी ताणून चकाकायला लागली, दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. झोळी करून तो गळ्यात अडकवल्याशिवाय तिला चार पावलं टाकता येईनात. गळ्यात मूल अडकवावं तसा हात घेऊन ती फिरायची.

तेव्हा मनकर्णाचा निरोप आला. दुपारी, गडीमाणसं शेतात असताना, गोठ्याच्या मागच्या दारानं ये. कुणाला सांगू नको.

सत्यशीला गेली, कारण तिला एक आशा होती. बंदी मनकर्णाच्या तोंडून आली होती, तिच्याच तोंडून उठू शकत होती. शुक्रवारी हलगी थांबवून तिनं एक वाक्य बोलावं, बस. बोलणं किती सोपं असतं ते सत्यशीलाला चांगलं माहीत होतं.

मनकर्णा गव्हाणीजवळ उभी होती. डावी बाही उसवून मोकळी केलेली. हात सुजायला लागला होता, अजून कोपराखालीच. सत्यशीलाची सूजही एके दिवशी तिथंच होती.

'तितंच थांब,' मनकर्णा म्हणाली. सत्यशीला उंबऱ्याबाहेर थांबली. 'बघ की, ह्याला काय व्हायलंय. शुक्रवार झाला की दोन दिवस ठणकतो. झोप न्हाई. तू कशी करत व्हतीस गं? माजं कायतरी चुकायलंय. दाखव मला.'

'दाखवते,' सत्यशीला म्हणाली. 'पाटलीणबाई, आधी माजं एक काम करा. येत्या शुक्रवारी एवढं बोला, की वस्तीतल्या त्या बाईला मोकळीक हाय. माज्या हाताकडं बघा. मी तुमच्या छातीला हात लावून सांगितलं म्हणून तुमी जित्या हाव. एवढं बोला.'

मनकर्णानं त्या हाताकडं बघितलं. तिचा चेहरा जरा हलला, नाही असं नाही. मग तिनं पदर सारखा केला. 'ते माज्या हातात हाय का, बाई? देवी बोलती. मी कोण बोलणार?'

या बाईला देवी कुठून आली ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. सत्यशीलानं झोळीतून डावा हात काढून वर न्यायचा प्रयत्न केला, नुसतं बघायला. तो पोटाच्या वर आला नाही.

'दाखवता यायचं न्हाई मला,' ती म्हणाली. 'सांगते.'

'सांग, माय.' मनकर्णा दोन पावलं पुढं आली. 'हळू करायचं का जोरात? मुंबईची डॉक्टरीण म्हणायची हळू. तू बी हळूच करत व्हतीस, मला वाटतं.'

'त्या येळंला माज्या अंगात पुरी आली नव्हती, म्हणून हळू व्हतं. तुमच्या पुरी आल्यावर हळू कसं चालंल? ती आत कोंडती, म्हणून सूज यायली. जोरात करा. जेवढं दुखंल तेवढं जोरात. अजून एक हलगी लावा, आणि थांबू नका. हाताला कळ लागली तरी थांबू नका.'

'आसं हाय व्हय,' मनकर्णा म्हणाली. तिच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिनं सुपात जोंधळा घेतला, उंबऱ्याशी आली, आणि शिवाशिव होऊ नये म्हणून वरूनच सत्यशीलाच्या पदरात ओतला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती लांबूनच वाकली आणि जमिनीला हात लावून पाया पडली.

'सुखी राहा,' सत्यशीला म्हणाली.

त्या शुक्रवारी दत्तरावांच्या अंगणात दोन हलग्या लागल्या. वस्तीत लोक म्हणाले, देवी इतकी जोरात कधीच आली नव्हती. दुपार कलली तरी हलगी थांबेना. तानुबाईनं कानात बोळे घातले. सत्यशीला सुजलेला हात उशीवर ठेवून आडवी झाली आणि एकेक थाप ऐकत राहिली. मग तिला तिथंच, गोळी न घेता, गाढ झोप लागली.